शब्दाच्या पोटातला आकडा: अनोळखी इंग्रजी शब्द मराठीतून उकलण्याची रीत

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीने पाण्याच्या टाक्या साफ करायचं कंत्राट दिलं, तेव्हा कागदावर 'बायमंथली' असा एक शब्द होता. कमिटीने तो 'महिन्यातून दोनदा' असा वाचला, कंत्राटदाराने 'दोन महिन्यांतून एकदा' असा. शब्दकोश काढला तर त्यात दोन्ही अर्थ दिलेले. वाद मिटेपर्यंत पावसाळा संपला आणि टाकीच्या कडांना शेवाळ धरलं. कमिटीची सदस्य म्हणून त्या कागदावर माझीही सही होती. बँकेतली अख्खी नोकरी आकडे तपासण्यात गेली, पण आकडा शब्दातही असतो आणि तोही तपासावा लागतो, हे त्या टाकीमुळे कळलं.

तेव्हापासून मी अशा शब्दांची वही ठेवते. दर शनिवारी संध्याकाळी इमारतीतली सात-आठ मुलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी माझी भाची त्या वहीभोवती बसतात. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. इंग्रजीतल्या बऱ्याच अवघड शब्दांच्या पोटात एक आकडा असतो, आणि तो मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून असतो. त्यामुळे पाठांतराचं ओझं पुष्कळ हलकं होतं. आम्ही ज्या क्रमाने शिकलो, त्याच क्रमाने सांगते.

पहिली पायरी: दोन रांगा मोठ्याने म्हणा

इंग्रजीने आकड्यांचे उपसर्ग मुख्यतः दोन घरांतून उचलले, लॅटिन आणि ग्रीक. लॅटिनची रांग अशी: ऊनुस, दुओ, त्रेस, क्वात्तुओर, क्विन्क्वे, सेक्स, सेप्तेम, ऑक्तो, नोवेम, देकेम, शंभराला केंटुम, हजाराला मिल्ले. ग्रीकची अशी: मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा, एनिआ, डेका, शंभराला हेक्टो, हजाराला किलो.

आता तिसरी रांग शेजारी ठेवा: एक, द्वि, त्रि, चतुर्, पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश, शत. तिन्ही एका सुरात म्हटल्या की कानालाच नातं कळतं. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक यांचं मूळ एकच असावं, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात मांडलं होतं. आकडे हा त्याचा सर्वांत सोपा पुरावा, कारण रोजच्या वापरातला आकडा भाषा सहसा बदलत नाही.

ज्यांच्या घरात शेतजमिनीचे कागद आहेत त्यांना हेक्टो वेगळा शिकवावा लागत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र 'हेक्टर-आर' मध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि हेक्टर म्हणजे असे १०० आर. 'सातबारा' हा शब्दही आकड्यांचाच झालेला आहे: गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२.

दुसरी पायरी: तीन ध्वनिनियम

रांगा म्हणून झाल्या की मुलं हमखास विचारतात, 'सप्त' आणि 'सेप्तेम' जुळतात, मग ग्रीक 'हेप्टा' कुठून आला? याचं उत्तर 'हप्त्या'त आहे. सप्ताहाचं फारसीत हफ्ता होतं आणि तोच आपल्याकडे हप्ता होऊन आला. शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'ह' फारसीनेही केला आणि ग्रीकनेही, आपापल्या परीने. म्हणून सप्त-हेप्टा आणि लॅटिन सेक्स-ग्रीक हेक्सा. अर्ध्यासाठी लॅटिन 'सेमी' आणि ग्रीक 'हेमी' हीसुद्धा तशीच जोडी आहे. सेमीफायनल आणि हेमिस्फिअर यांत फरक फक्त घराण्याचा. संस्कृतात अर्ध्याला 'सामि' असाही एक शब्द आहे, तो याच कुळातला.

दुसरा नियम: आपल्याकडे 'श' किंवा 'ष' असेल तिथे लॅटिनमध्ये 'क' सापडतो. दश-देकेम, शत-केंटुम, अष्ट-ऑक्तो. केंटुमचा उच्चार पुढे 'सेंट' झाला, म्हणून सेंच्युरी, पर्सेंट, सेंटिमीटर. तिसरा नियम: आपला 'च' तिथे 'क्व' होतो. चतुर्-क्वात्तुओर, पंच-क्विन्क्वे. क्वार्टर हा शब्द चौथाईचा का, हे यावरून आपोआप सुटतं.

एवढे तीन नियम पुरतात. आणखीही आहेत, पण ते अभ्यासकांसाठी.

तिसरी पायरी: शेपटी वेगळी करा

आकडा सापडला की उरलेल्या भागाकडे बघा. शेवटी 'एनेरियन' असेल तर वय. ऑक्टोजेनेरियन म्हणजे ऐंशी ते एकोणनव्वदमधली व्यक्ती, नोनाजेनेरियन म्हणजे नव्वदीतली. ऑक्टोजेनेरियन शब्द मुलांच्या लक्षात राहिना, तेव्हा मी सहस्रचंद्रदर्शनाशी त्याची गाठ घातली. हजार पौर्णिमा पाहायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात, म्हणजे तो सोहळा ऑक्टोजेनेरियन आजी-आजोबांचाच. परत कुणी विसरलं नाही.

शेवटी 'एनियल' असेल तर वर्षं. बायेनियल म्हणजे दर दोन वर्षांनी येणारं किंवा दोन वर्षं टिकणारं; गाजराचं झाड बायेनियल असतं. बायॲन्युअल मात्र वर्षातून दोनदा. कागदपत्रांत यांची सर्रास अदलाबदल होते. माझा सल्ला स्पष्ट आहे: करारात हे तिन्ही 'बाय'वाले शब्द लिहूच नका, 'दर दोन महिन्यांनी एकदा' असं सरळ लिहा.

'पीड' म्हणजे पाद, पाय. सेंटिपीड ही आपली गोम, मिलिपीड म्हणजे पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर वेटोळं करून पडलेला पैसा किंवा वाणी किडा. यातला आकडा मोजायला जाऊ नका. गोमेच्या पायांच्या जोड्या विषम असतात, त्यामुळे बरोबर शंभर पाय तिला नसतातच. आणि हजाराहून जास्त पाय असलेला मिलिपीड शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवला तो थेट २०२१ साली, ऑस्ट्रेलियात जमिनीखाली. त्याचे पाय १,३०६ भरले.

शेपटी कधीकधी मधेच दडलेली असते. 'ट्रिव्हिअल' घ्या. त्रि अधिक 'व्हिया', म्हणजे रस्ता. तीन रस्ते मिळतात ती जागा. कोकणात तिला तिठा म्हणतात, आणि आमच्या ठाण्यात तर तीन हात नाकाच आहे. मग त्याचा अर्थ 'क्षुल्लक' कसा झाला? तिठ्यावर येणारा-जाणारा कुणीही भेटतो, तिथलं बोलणं कुणाच्याही तोंडी असतं. म्हणून लॅटिनमध्येच 'तिठ्यावरचं' म्हणजे 'सर्वसाधारण' असा अर्थ रुळला. शिवाय मध्ययुगीन युरोपच्या शाळांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन विषयांना ट्रिव्हियम म्हणत, तर गणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढच्या चौघांना क्वाड्रिव्हियम, म्हणजे चौक. प्राथमिक ते सोपं, म्हणून किरकोळ, असाही हातभार लागला. हा शब्द मी मुलांना तीन हात नाक्याजवळ, पुलाखाली उभं राहूनच शिकवला. जिथे शब्द दिसतो तिथे तो शिकावा, असं मला मनापासून वाटतं. पाचपाखाडीला राहणाऱ्या मुलाने लगेच आपल्या पत्त्यातला पाच हा आकडा मोजून दाखवला.

चौथी पायरी: मोजण्याची रीत विचारा

या पायरीवर आम्ही तीन शनिवार थांबलो होतो आणि अजूनही मला ती सर्वांत आवडते. सातवीतल्या मुलीने विचारलं, "मावशी, आठवड्यात दिवस सात, मग नावात आठ का?"

सोमवार ते सोमवार बोटांवर मोजा, दोन्ही सोमवार धरून. आठ होतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही मोजायची ही जुनी रीत आहे. 'आठ दिवसांनी ये' असं आपण म्हणतो तेव्हा पुढच्या त्याच वाराला बोलावत असतो. आता गंमत बघा. इंग्रजी संगीतात सा ते वरचा सा यांना 'ऑक्टेव्ह' म्हणतात, म्हणजे आठ. आपण त्यालाच 'सप्तक' म्हणतो, म्हणजे सात. तिथे इंग्रजीने वरचा सा धरला, आपण सोडला. काळ मोजताना आपण दोन्ही टोकं धरली, स्वर मोजताना त्यांनी. त्यामुळे शब्दातला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत एकाचा फरक आढळला, तर चूक समजण्याआधी टोकं कशी मोजली आहेत ते पाहावं.

'फोर्टनाइट' म्हणजे चौदा रात्री, आणि आपला पंधरवडा पंधराचा. पंधरवडा तिथींचा हिशेब धरतो, फोर्टनाइट दोन आठवड्यांचा. रात्री मोजण्याची पद्धत मात्र आपल्याला परकी नाही, नवरात्र आपणही रात्रींनीच मोजतो. बँकेत किंवा कुरिअरवाल्याशी बोलताना फोर्टनाइट म्हणजे १४ दिवस धरा, १५ नाही. एका दिवसाने मुदत चुकते.

वजाबाकीची रीतही अशीच. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, विसाला एक कमी. लॅटिनमध्येही एकोणीसला 'विसातून एक' अशाच अर्थाचा शब्द आहे, अठराला 'विसातून दोन'. रोमन अंकांत एक्सच्या डावीकडे आय आला की नऊ, उजवीकडे आला की अकरा, हे ज्याला एकोणीस कळलं त्याला समजवावं लागत नाही. इंग्रजी इलेव्हन आणि ट्वेल्व्ह उलट दिशेने जातात. त्यांचा मूळ अर्थ 'दहा मोजून एक उरला' आणि 'दोन उरले'.

पाचवी पायरी: आकडा जिवंत आहे की विरला, ते ठरवा

'क्वारंटाइन' शब्द २०२० मध्ये घराघरांत पोचला. त्यात इटालियन 'चाळीस' आहे. प्लेगच्या काळात बंदरात आलेल्या जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवत. त्याआधी १३७७ साली रागुसा बंदराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, हा काळ तीस दिवसांचा ठेवला होता. आपण चौदा दिवस दार लावून बसलो तरी शब्द चाळिसाचाच राहिला. म्हणजे यातला आकडा विरला आहे, अर्थ करताना तो धरायचा नाही.

'डेसिमेट'चं तसंच. बंड करणाऱ्या रोमन तुकडीतला दर दहावा सैनिक मारण्याची ती शिक्षा होती. आज अर्थ मोठा संहार. 'मिरियड' ग्रीकमध्ये दहा हजार, आज असंख्य. 'नून' हा मुळात नववा तास, सूर्योदयापासून मोजलेला, म्हणजे दुपारचे तीन. तो सरकत बारावर आला. सप्टेंबर ते डिसेंबर सात, आठ, नऊ, दहा म्हणतात, कारण जुनं रोमन वर्ष मार्चमध्ये सुरू होई. जुलै आणि ऑगस्ट यांची जुनी नावंही पाचवा आणि सहावा अशीच होती. मग त्यांना ज्युलिअस सीझर आणि ऑगस्टस यांची नावं मिळाली.

'क्विंटेसेन्स' मध्ये पाचवं सार आहे. ग्रीकांनी पृथ्वी, आप, तेज, वायू अशी चार तत्त्वं मानली आणि पाचवं सूक्ष्म तत्त्व आकाशातल्या ज्योतींचं. आपल्या पंचमहाभूतांतही पाचवं आकाशच येतं. शब्दाचा आजचा अर्थ 'अर्क', 'उत्तम नमुना'.

याउलट डझन, ग्रोस, रीम, स्कोअर यांतला आकडा शाबूत आहे. डझन १२, ग्रोस १४४. कागदाचं रीम आता ५०० ताव, पूर्वी ४८०, म्हणजे २४ तावांचे २० दस्ते. स्कोअर म्हणजे वीस, आपली कोडी. मोजताना दर विसाला काठीवर खाच पाडत, त्या खाचेचा हा शब्द. क्रिकेटचा स्कोअरही तिथलाच. लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणात 'फोर स्कोअर अँड सेव्हन' वर्षं येतात. चार विसा आणि सात, सत्याऐंशी. १८६३ मधून वजा केली की १७७६. माझी आजीही 'तीन विसा आणि पाच' असंच मोजायची.

सहावी पायरी: खोटे आकडे आणि दडलेले आकडे

इथे हुशार मुलं जास्त फसतात. 'डायलॉग' मधला 'डाय' दोनचा नाही. तो 'डिआ', म्हणजे 'मधून, आरपार'. चौघांत झाला तरी तो डायलॉगच. 'बायॉलॉजी'त बायॉस म्हणजे जीवन. 'सेप्टिक टँक' मध्ये सात नाही, सडणं आहे. 'सेंटर' मध्ये शंभर नाही. 'डेकोरेशन' मध्ये दहा नाही. 'नॉव्हेल' मध्ये नऊ नाही, नवं आहे. आणि आपल्याकडेही 'नव' म्हणजे नऊ आणि नवं, दोन्ही. लॅटिनमध्ये नोवेम आणि नोवुस, संस्कृतात नवन् आणि नव. खाडीपलीकडच्या नवी मुंबईचं नाव काढा: सिडको १९७० साली स्थापन झाली ती नवं शहर वसवायला, नववं नव्हे. नोव्हेंबर मात्र नऊचाच.

दडलेले आकडे याहून सुंदर असतात. 'डाउट' मध्ये दोन आहेत, मन दोन ठिकाणी. आपण त्याला दुविधा म्हणतो. 'डिप्लोमा' म्हणजे दुमडलेला, दुपदरी कागद. 'टेस्टिमनी'चं मूळ असलेला लॅटिन साक्षीदार हा 'तिसरा उभा असलेला', असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपला त्रयस्थ, आपला तिऱ्हाईत. हा शब्द उलगडला त्या संध्याकाळी भाची बराच वेळ गप्प बसली होती.

सातवी पायरी: नुसते आकडे वाचा

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. ४००६०१ मधला पहिला ४ हा विभाग: महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपालाची छाननी करणारा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. गाडीवर एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत 'आय १८ एन' असं लिहिलेलं दिसतं. इंटरनॅशनलायझेशन या शब्दाच्या पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांमधली अठरा अक्षरं गाळून तिथे त्यांची संख्या ठेवली आहे.

मोठ्या आकड्यांत मात्र सावकाश चला. १ मिलियन म्हणजे १० लाख. १ बिलियन म्हणजे १०० कोटी, आपला अब्ज. १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. मिलियनचे कोटी करायला दहाने भागा, बिलियनचे करायला शंभराने गुणा. ५० मिलियन म्हणजे ५ कोटी. जुनी ब्रिटिश पुस्तकं वाचताना जपा: तिथे बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, एकावर बारा शून्यं. त्यातला 'बाय' तिथे अक्षरशः खरा होता. १९७४ साली ब्रिटिश सरकारने अमेरिकेची नऊ शून्यांची रीत घेतली. मराठी बातमीत बिलियनचं भाषांतर कुणी 'दहा कोटी' करतं तेव्हा माझा जीव कासावीस होतो. कॉमाही तपासा, आपला १०,००,००० आणि त्यांचा १,०००,००० एकच आहे.

वहीचं पान असं आखा

एका शब्दाला चार ओळी. पहिल्या ओळीत शब्द आणि त्यातला आकडा. दुसरीत त्याचा मराठी भाऊबंद, मग तो हप्ता असो, तिठा असो की कोडी. तिसरीत आकडा जिवंत की विरलेला. चौथीत आपल्या गावातलं, घरातलं एक वाक्य. ही चौथी ओळ चुकवू नका, शब्द तिच्यामुळेच टिकतो. शंका आली तर व्युत्पत्ती देणारा मोठा शब्दकोश पाहा. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते, ते १८९३ पासून आहे. भाची ठाणे-वाशी लोकलमध्ये दिघ्यापासून सानपाड्यापर्यंत दोन शब्द फोडते. तीनचा हट्ट धरत नाही.

सरावाला एक शब्द देते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनाला औट, असे सुटसुटीत शब्द आपल्याकडे आहेत. इंग्रजीत दीडला रोजचा शब्दच नाही, पण लॅटिनचा एक उपसर्ग आहे: सेस्क्वि, 'आणि अर्धा'. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली, त्याला २००३ मध्ये दीडशे वर्षं झाली, ते सेस्क्विसेंटेनियल. हा शब्द मुलांनी लगेच फोडला. मग मी 'सेस्क्विपेडेलियन' लिहिला. सेस्क्वि म्हणजे दीड, पेड म्हणजे पाय, इथे मापाचा फूट. लांबलचक, जडजंबाल शब्दांना रोमन कवी होरेस यांनी दिलेलं हे विशेषण. सातवीतल्या मुलीने वहीत दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'दीडफुटी', आणि चौथ्या ओळीत, 'सोसायटीच्या नोटिशीत एकही दीडफुटी शब्द नको.'